अर्ध्या बोटाचा निकाल

मी बोलतोय तो कॅमेराच आहे, पण समारंभात पाहुण्यांना ‘जरा हसा’ म्हणणारा नव्हे. माझ्यासमोर आजवर कुणी हसलेलं नाही. माणसं माझ्यासमोरून जातात ती दातओठ खात, मान खाली घालून, आणि पुष्कळदा माझ्याबद्दल वाईट बोलायला परत येतात. सायकलींच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर कोण आधी पोचलं ते दाखवणं हे माझं काम. म्हणजे होतं.

माझं सगळं आयुष्य एका रेघेत गेलं. हे अलंकारिक बोलणं नाही. मला दिसते तीच मुळी एक रेघ, केसाएवढी रुंद. इतर कॅमेरे एका क्षणात सगळं जग टिपतात. मी एकच फट हजारो क्षण टिपत राहतो आणि त्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून फोटो तयार करतो. त्यामुळे माझ्या फोटोत रस्ता नसतो, झाडं नसतात, प्रेक्षक नसतात. पाठीमागे नुसतं पांढरं, कारण रस्त्यावर रंगवलेला पट्टा पांढरा. जो आधी रेषेवर आला तो पुढे, जो नंतर आला तो मागे. एकदा एक प्रमुख पाहुणे नेमके रेषेवर उभे राहून भाषण करू लागले आणि मी चुकून चालू राहिलो होतो. फोटोत पाहुणे साठ फूट लांब आले. ज्यांनी भाषण ऐकलं होतं त्यांना तो फोटो हुबेहूब वाटला.

माझा जन्म ज्या खोलीत झाला तिथे माणसांना डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधून यावं लागे. माझ्या भिंगावर कण बसू नये म्हणून एवढी काळजी. पुढे मी जी धूळ खाल्ली ती पाहिली असती तर त्या लोकांनी टोप्या फेकून दिल्या असत्या.

पहिली सहा वर्षं मी घोड्यांच्या मैदानावर काढली. घोडे नाकाने जिंकतात आणि मुकाट्याने तबेल्यात जातात. निकालावर हरकत घ्यायची ती त्यांच्यावर कधीही न बसलेल्या लोकांनी. मग तिथे नवा कॅमेरा आला आणि ‘जुना पण चालू’ अशा शेऱ्यासह मला सायकल संघटनेकडे देण्यात आलं. असा शेरा मिळालेल्या माणसांना माझं दुःख लगेच कळेल.

संघटनेत मी पंचबाईंच्या हाताखाली आलो. बाई एरवी टपाल कचेरीत पार्सलांच्या काट्यावर बसायच्या. सुट्टीच्या दिवशी रेषेवर. पन्नाशी उलटलेली, आवाज हळू, आणि घाई करणाऱ्या माणसाकडे चष्म्यावरून बघायची सवय. रांगेतला माणूस कितीही चुळबुळला तरी काटा थांबल्याशिवाय त्या वजन लिहीत नसत, असं त्यांच्याबद्दल सांगत. तेच त्यांनी रेषेवर आणलं.

त्यांचे दोन नेम होते. पहिला नेम सुयांचा. रेषेचा पांढरा पट्टा चांगला हातभर रुंद असतो आणि त्याच्या मधोमध दोन बोटं रुंद काळी रेघ. ती काळी रेघ जिथे सुरू होते त्या कडेला शर्यत संपते. माझी नजर त्या कडेला बरोब्बर लागून गेली पाहिजे, अलीकडच्या कठड्यापासून पलीकडच्या कठड्यापर्यंत. हे तपासायला बाईंनी स्वेटर विणायच्या तीन सुया लाल रंगवून लाकडाच्या ठोकळ्यांत उभ्या केल्या होत्या. एक सुई माझ्याजवळ, एक रस्त्याच्या मध्यावर, एक पलीकडे, तिन्ही काळ्या रेघेच्या कडेवर. मी सरळ बघत असलो की पडद्यावर तीन लाल रेघा उमटायच्या. नजर तसूभर फिरलेली असली की पलीकडची तिसरी सुई दिसेनाशी व्हायची. नियमात ही तपासणी सकाळी एकदाच सांगितली आहे. बाई ती शर्यत संपल्यावर, निकाल सांगण्याआधी, पुन्हा करायच्या. बाकीचे पंच हसायचे. कुणी विचारायचं, “काय बाई, स्वेटर कुठवर आला?” बाई म्हणायच्या, “गळ्यापर्यंत आलाय.”

दुसरा नेम चिठ्ठीचा. रेषेवर बसून आपल्या डोळ्यांना जो पहिला दिसला त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून खिशात ठेवायची, आणि मगच फोटो बघायचा. “आधी फोटो बघितला तर डोळा लाळघोट्यासारखा त्याच्यामागून जातो,” असं त्या म्हणायच्या.

मला चालवायला एक टक्कल पडलेला, सदा वैतागलेला इसम होता. त्याला सगळे वायरवाला म्हणत. माझं मचाण उभं करणं, मला त्याच्या खांबावर आवळणं आणि कुणी जवळ आलं की खेकसणं ही त्याची कामं. तो आणि बाई अकरा वर्षं बरोबर होते आणि एकमेकांच्या घरी कधी गेले नव्हते.

आता पाणक्याबद्दल सांगतो. सायकलींचे संघ असतात. संघात एक पुढारी जिंकायला आणि बाकीचे राबायला. पाणक्या राबणाऱ्यांतला. मागून येणाऱ्या गाडीपर्यंत मागे जायचं, सदऱ्यात पाठीपोटाशी आठ-दहा बाटल्या कोंबायच्या आणि पुन्हा जीव काढून पुढे जाऊन सगळ्यांना वाटायच्या. वारा असला तर पुढाऱ्याच्या पुढे राहून तो अंगावर घ्यायचा. बारा वर्षं त्याने हे केलं. माझ्या फोटोत तो कायम सत्तरावा, ऐंशीवा. पण एक गोष्ट मी आणि बाईंनी हेरली होती. रेषा ओलांडताना या माणसाने बाटली तोंडाला लावलेली असायची. दिवसभर लोकांना पाणी पाजून झालं की स्वतःचा निवांत घोट तो रेषेवर घ्यायचा. ऐंशीव्या नंबरचा फोटो कोण बघतं? बाई बघायच्या. बघून वायरवाल्याला म्हणायच्या, “आला तुमचा पाणक्या.”

त्या वर्षी त्याचा करार संपत होता. वय छत्तीस. संघाच्या व्यवस्थापकाने हंगामाच्या सुरुवातीला त्याला सांगितलं होतं की एक शर्यत जिंकून दाखव, दोन वर्षं वाढवतो. ज्या माणसाला जिंकू द्यायचंच नाही असं ठरलेलं आहे त्याला असं सांगायला काही खर्च येत नाही. हंगामाची शेवटची शर्यत आली तेव्हा त्याच्या नावावर शून्य विजय होते आणि मेहुण्याच्या सायकल दुकानात त्याची वाट बघितली जात होती.

हे मला कसं कळलं? मला कान नाहीत असं माझ्या माहितीपत्रकात छापलंय. पण माहितीपत्रक लिहिणारे कधी मचाणावर दिवस काढत नाहीत. त्या रविवारी पाणक्याची बायको आणि तिचा धाकटा भाऊ नेमके माझ्या मचाणाखाली कठड्याला टेकून उभे होते. मेहुणा म्हणाला, “ताई, दाजींना म्हणावं उद्यापासूनच या. नवा पंप आणलाय. आणि पंक्चर बघायला घमेलं भरून ठेवायचं काम त्यांचंच. पाण्याचं त्यांना काही शिकवायला नको.”

ती म्हणाली, “उद्या सोमवार आहे. आज रविवार आहे. आज गप्प बस.”

सकाळी सुयांची तपासणी झाली होती. तिन्ही दिसल्या. मग बाई संघांच्या बैठकीला गेल्या आणि तेवढ्यात जाहिरातवाला आला. त्याच्याकडे गाद्यांच्या कंपनीचा भलामोठा कापडी फलक होता. ‘निश्चिंत झोपा’ असं त्यावर लिहिलेलं. त्याने फलकाचं एक टोक दिव्याच्या खांबाला बांधलं आणि दुसरं माझ्या खांबाला. वायरवाला खेकसला की माझ्या खांबाला हात लावायचा नाही. जाहिरातवाला शांतपणे म्हणाला, “काका, कापड आहे. हत्ती नाही बांधत.” शर्यतीचे संचालक तिथूनच चालले होते. मंडप याच कंपनीने दिलाय तेव्हा उगाच घोळ घालू नका, असं ते चालता चालता सांगून गेले. वायरवाल्याने वर बघितलं. वारा नव्हता. तो गप्प बसला. अकरा वर्षांत तो गप्प बसल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

दुपारी तीनच्या सुमारास कर्ण्यातून बातमी आली. पाणक्याच्या पुढाऱ्याचं पोट बिघडलं आणि तो शर्यत सोडून गाडीत बसला. संघाला सांगण्यात आलं की ज्याला जे जमेल ते करा. बारा वर्षांत पहिल्यांदा पाणक्याला पाणी न्यायला कुणी उरलं नव्हतं. तो आणखी चौघांबरोबर पुढे निसटला. पाचांचे तीन झाले, तिनांचे दोन. दुसरे होते बाळराजे. वय तेवीस, अंगावर मागच्या वर्षीच्या विजेत्याचा सदरा, आणि शर्यत संपायच्या आधी केस नीट करून घेण्याची ख्याती. माझ्याखाली पाणक्याची बायको कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

ते दोघे आले आणि वाराही आला. ‘निश्चिंत झोपा’ शिडासारखं फुगलं. कुणी मान धरून हळूच वळवावी तसा माझा खांब फिरला. फार नाही. माझ्या बाजूला फरक जवळपास नव्हताच. पण पलीकडच्या कठड्याशी माझी नजर रेषेच्या दीड बोट अलीकडे पडत होती. बाळराजे माझ्या बाजूने येत होते. पाणक्या पलीकडच्या कठड्याला घासून. म्हणजे रेषेवर पोचायच्या आधीच मी त्याला पोचलेला धरलं.

त्यातून वाईट हे की फोटोत काही कळायला मार्ग नव्हता. मान उलटी वळली असती तर काळी रेघ फोटोत शिरली असती आणि पोरासोरांनाही गडबड दिसली असती. पण मी वळलो तो पांढऱ्याकडे. फोटो आला तो धुतलेल्या चादरीसारखा स्वच्छ. त्यात पाणक्याचं पुढचं चाक अर्ध्या बोटाने पुढे.

बाईंनी तो फोटो पाहिला. मग खिशातली चिठ्ठी उघडून पाहिली. तिच्यावरही पाणक्याचाच नंबर. कानातल्या यंत्रातून संचालक सांगत होते की सगळं प्रक्षेपण तुमच्यासाठी थांबलंय. अशी घाई बाईंना दरवर्षी केली जाई आणि दरवर्षी त्या सुया घेऊन रस्त्यावर उतरत. त्या दिवशी उतरल्या नाहीत. समोर हवं तेच उत्तर होतं. त्यांनी नंबर सांगून टाकला.

पाणक्याची बायको रस्त्यावरच खाली बसली. मेहुणा कठड्यावर चढला आणि अनोळखी लोकांना सांगू लागला की दाजींची ही जिद्द त्याने पहिल्याच भेटीत ओळखली होती. पाणक्या सायकल आडवी टाकून उभा होता. त्याला कुणीतरी बाटली दिली, आणि सवयीने त्याने ती शेजारच्याला दिली.

दहा मिनिटांत बाळराजांच्या संघाची हरकत आली. हरकती येतातच. बाई म्हणाल्या, “चला, सुया राहिल्यात,” आणि वायरवाल्याला घेऊन रस्त्यावर आल्या. तीन सुया उभ्या केल्या. पडद्यावर तीन लाल रेघा आल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला असावा. मग वारा आला आणि तिसरी रेघ पडद्यावरून गेली. थोड्या वेळाने आली. पुन्हा गेली. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. वायरवाला पडद्याकडे बघतच नव्हता. तो फलकाकडे बघत होता.

निवाड्यासाठी रस्त्यालगतच्या एका दंतवैद्याची बसायची खोली मागून घेतली होती. भिंतीवर दातांचा मोठा तक्ता, खाली ओळीने खुर्च्या. वायरवाल्याने मला खांबावरून उतरवून आणलं आणि मासिकांच्या टेबलावर ठेवलं. मी आरोपी आहे की साक्षीदार हे कुणी स्पष्ट केलं नाही.

संचालकांचं म्हणणं सोपं होतं. निकाल सांगून झालाय, फोटो आहे, लोक खूश आहेत. आत्ता वारा आहे म्हणजे तेव्हा होता असं होत नाही. बाळराजांचा व्यवस्थापक म्हणत होता की तेव्हा नव्हता हे सिद्ध करा. दोघेही एकमेकांना तेच वाक्य उलटसुलट करून सांगत होते.

बाई म्हणाल्या, “काटा हलत असला तर मी वजन लिहीत नाही. आज लिहिलं. फोटो बाद.”

मग संचालकांना नियम आठवला. फोटो बाद झाला तर पंचाच्या डोळ्यांनी पाहिलेलं ग्राह्य धरावं. त्यांनी बाईंकडे चिठ्ठी मागितली, वाचली, आणि हसून टेबलावर माझ्याशेजारी ठेवली. चिठ्ठीवर पाणक्याच. प्रश्न मिटला. वायरवाल्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की मासिकाचं पान उलटलं. खरं सांगतो, मीही सोडला असता.

बाईंनी चिठ्ठी उचलली आणि दोन बोटांत धरून बघितली. “मी रेषेवर बसले होते,” त्या म्हणाल्या, “पण मी रेषेकडे बघत नव्हते. शेवटचे वीस हात मी त्याच्याकडेच बघत होते. हे मला दिसलेलं नाही. मला हवं होतं ते लिहिलंय.”

“बाई, हे तुम्हाला कुणी विचारलंय का?” संचालकांनी अगदी कळवळून विचारलं.

“तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं मागितलंत. हे ते नाही.”

मग पाणक्याला आत बोलावलं. सायकलीच्या बुटांना खाली लोखंड असतं, त्यामुळे तो फरशीवर टकटक करत आला आणि दातांच्या तक्त्याखाली उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही, खुर्ची घामाने खराब होईल म्हणाला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. फलक, सुया, चिठ्ठी. काही लपवलं नाही. मग विचारलं की तुला काय वाटलं, कोण पुढे होतं.

पाणक्याने बराच विचार केला. “बाई, चाक पुढे फेकताना माझे डोळे मिटले होते,” तो म्हणाला. “मला काहीच ठाऊक नाही. तुम्ही मघाशी सांगितलंत म्हणून मी जिंकलो.”

बाईंनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांच्याकडे पदर होता, रुमाल होता, पण त्यांनी तो तसाच हातात धरून ठेवला. मग निर्णय लिहिला. फोटो अविश्वसनीय, डोळ्याचा पुरावा नाही, सबब दोघांनाही प्रथम क्रमांक. खाली सही केली. सही नेहमीसारखीच स्वच्छ होती.

मला मात्र सगळं ठाऊक होतं. माझी मान किती वळली होती ते मला ठाऊक होतं, त्यामुळे उरलेला हिशोबही. बाळराजे पुढे होते. एका बोटाने. ज्या विजयासाठी लोक पाणक्याबद्दल हळहळले तो त्याचा नव्हताच, आणि बाईंनी त्याचं अर्धं काढून घेतलं असं लोक म्हणाले तेव्हा खरं तर त्यांनी त्याला अर्धं दिलं होतं. हे सांगायला मला तोंड नव्हतं. असतं तर मी ते त्या खोलीत उघडलं असतं का, याचा विचार मी टाळतो.

निकालाने सगळे सारखेच नाराज झाले. बाळराजांनी मुलाखतीत लुटलो गेल्याचं सांगितलं. गाद्यांच्या कंपनीने फलकाचं नाव निघाल्याबद्दल खेद व्यक्त केला. आणि पाणक्याच्या व्यवस्थापकाने करार काढून त्याला वाचून दाखवला. त्यात ‘निर्विवाद प्रथम क्रमांक’ असे शब्द होते. हा तर वादातूनच निघालेला क्रमांक. व्यवस्थापक म्हणाला की मला फार वाईट वाटतं, आणि त्याला खरंच वाईट वाटत असावं, कारण त्याने कराराची प्रत पाणक्याला घरी न्यायला दिली.

पुढच्या हंगामाच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. कारण कळवण्याची पद्धत नाही. त्या एकदा कार्यालयात आल्या, कपाटातून आपल्या तीन सुया काढून घेतल्या, पिशवीत घातल्या. जाताना माझ्यावर हात ठेवून क्षणभर थांबल्या. संघटनेने आता दोन नवे कॅमेरे घेतलेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. मला ‘सदोष’ अशी चिठ्ठी लावून लोखंडी कपाटावर ठेवलंय. माझ्यात दोष नाही. दोष दोन गाठींत होता, पण गाठींना चिठ्ठी लावता येत नाही.

त्या कपाटावरूनच मी त्याला शेवटचं पाहिलं. थंडीतल्या एका सकाळी पाणक्या कार्यालयात आला. नखांत काळं वंगण, अंगावर मेहुण्याच्या दुकानाचा सदरा. त्याला त्या दिवसाच्या फोटोची प्रत हवी होती. कारकून म्हणाला की तो निकाल रद्द झालाय.

“ठाऊक आहे. फोटो आहे ना?”

“फोटोही रद्द.”

“मग तुम्हाला तो नकोच असेल,” पाणक्या म्हणाला. “मला द्या.”

याला उत्तर नियमात नव्हतं. कारकुनाने प्रत काढली आणि शिक्का उचलला. रद्द कागदावर शिक्का मधोमध मारायचा असतो. पाणक्याने टेबलावर हात पालथा ठेवला आणि म्हणाला की चाकावर तेवढा नको. कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि शिक्का कोपऱ्यात मारला. एवढी मोठी सूट त्याने आपल्या नोकरीत कुणाला दिली नसावी.

पाणक्याने फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला. मग कारकुनापुढे धरून विचारलं, “साहेब, कोण पुढे दिसतंय?”

“मी निकाल सांगायला अधिकृत नाही,” कारकून म्हणाला आणि रजिस्टर उघडलं. पाणक्या कागदाची गुंडाळी करून निघून गेला.

तेव्हापासून मला एकच काळजी आहे. तो फोटो त्या दुकानात कुठेतरी लागला असणार. तुमच्या सायकलचं पंक्चर निघेल आणि तुम्ही तिथे जाल. छत्तीस-सदतिशीचा, पोटऱ्या अजून टणक असलेला माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघेल, आणि मग मान वर न करता सहज विचारल्यासारखं विचारेल. मला विचारलं तर मला बाळराजांचं एक बोट सांगावं लागेल, माझी घडणच तशी आहे. तुम्ही मात्र भिंतीकडे बघा, फोटोत जे दिसतंय ते त्याला सांगा, आणि आपल्या रस्त्याने जा.